शिंपडे आणि बुडवे

आमच्या गावात ख्रिस्ती घरं इतकी थोडी होती की एका बोकडात सगळ्यांचा नाताळ होऊन जायचा, आणि नळीच्या हाडावरूनसुद्धा कधी भांडण झालं नाही. भांडायला आम्हाला पवित्र शास्त्र होतं. दारव्ह्याच्या बाजूला, कापसाच्या रानात, नाल्याच्या एका वळणावर आमची वस्ती. तिच्या टोकाला कुडाच्या भिंतींचं, टिनाच्या छपराचं आमचं मंदिर. घंटा घेण्याइतकी मंडळीची ऐपत नव्हती, म्हणून छोट्या आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा कडुनिंबाला तारेनं टांगलेला होता आणि रविवारी सकाळी माझे बाबा त्यावर लोखंडी पहार आपटायचे. गावच्या देवळातली आरती तोवर होऊन गेलेली असायची, पलीकडच्या वस्तीतून नव्यानं सुरू झालेल्या पंचशीलाचे सूर यायचे, दूर कापसातली सरकी काढायच्या जिनाचा भोंगा वाजायचा, आणि या सगळ्यांवर कडी करून आमच्या रुळाचा ठणठणाट. बैलं घेऊन निघालेली माणसं म्हणायची, "चाला, गुरुजीचा देव उठला."

गुरुजी म्हणजे माझे बाबा. मिशनच्या शाळेत मास्तर आणि मंडळीचे पंच. पाळकसाहेब महिन्यातून एखादा रविवार सायकल हाणत यायचे. बाकीचे रविवार बाबाच निभावायचे. पण निभावायचे म्हणजे किती, याची त्यांची एक रेघ ठरलेली होती. उपदेश करायचा, प्रार्थना करायची. पण प्रभुभोजन द्यायचं नाही, लग्न लावायचं नाही, बाप्तिस्मा द्यायचा नाही. ते अधिकार डोक्यावर हात ठेवून नेमलेल्या पाळकाचे. बाबा शाळेत खडूसुद्धा अर्धाच वापरायचे आणि उरलेला अर्धा सरकारी असल्यासारखा पेटीत कुलूपबंद करायचे. देवाच्या बाबतीत ते त्याहून कडक होते.

मायचा देव वेगळा होता. तो चुलीपुढे बसायचा. भाकर थापता थापता माय त्याच्याशी शेजारणीशी बोलावं तशी बोलायची: "पाह्य बावा, सरपन वलं हाय, आता तूच पाह्य." तिला वाचायला उशिरा आलं होतं, बाबांनीच शिकवलं होतं, आणि ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, एकेका शब्दाला उंबरा ओलांडल्यासारखी थांबायची. रविवारी ज्वारीच्या भाकरी आणि हिवाळ्यात ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, वर लसणाचं तिखट. सगळ्या भाकरी झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची ती एक तळहाताएवढी चानकी करायची. चानकी लहान लेकरांसाठी करतात. घरात लहान कोणी नव्हतं. एकुलता एक मी, आणि मला मिसरूड फुटली होती. तरी रविवारी चानकी व्हायचीच, आणि ती आपल्यासाठीच आहे असं समजून मी ती रविवारी खायचोच. माय माझ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, काय कौतुक आहे माझं.

कौतुक होण्यासारखं माझ्यात एकच होतं. तलवार-कवायत म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. शास्त्र ही आत्म्याची तलवार, म्हणून रविवारच्या शाळेत पोरांनी ओळीत उभं राहून पुस्तक काखेत धरायचं, ते म्यान. बाबा ओरडायचे, "तलवारी वर!" मग पुस्तक डोक्यावर. मग ते एखादं वचन पुकारायचे, अमुक पुस्तक, अमुक अध्याय, अमुक ओवी, आणि ज्याला ते आधी सापडेल त्यानं एक पाऊल पुढे टाकून खणखणीत वाचायचं. माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. बाकीची पोरं अनुक्रमणिकेत चाचपडत असायची आणि मी हबक्कूक संदेष्ट्याचं वचन वाचून जागेवर परत आलेलो असायचो. वाचलेल्याचा अर्थ कळायचा का, असं विचाराल तर तलवार चालवणाऱ्याला लोखंडाची खाण ठाऊक असायलाच पाहिजे असं थोडंच आहे? आज माझा नातू मोबाइलवर बोट फिरवतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वचन हजर. त्याला मी माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो तेव्हा तो ज्या नजरेनं बघतो, तशी नजर त्या काळी कुणी माझ्यावर टाकली असती तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

उपासना झाली की पुरुष मंडळी मंदिराच्या ओट्यावर खलाला बसायची. खल म्हणजे आमचा खेळ, तमाशा आणि ग्रामपंचायत, सगळं एकात. काइनाला बायको कुठून मिळाली? आदामाला बेंबी होती का? पोळ्याला पाटलाकडून आलेली पुरणपोळी मूर्तीपुढची का चुलीपुढची, आणि विचारलंच नाही तर खाल्लेली चालते का? या शेवटच्या प्रश्नावर खल इतका लांबला होता की पोळी आंबून गेली. खलात माझ्यासमोर बसायचे लाजरसकाका. जिनात फिटर. काळे, रुंद, हाताच्या रेघांत वंगण मुरलेलं. मी लहान असताना हरलो तर ते मला लिमलेटची गोळी द्यायचे आणि जिंकलो तर दोन. पुढे मी दूरच्या एका शास्त्रशाळेत काही दिवस काढून आलो. काही दिवसच, कारण तिथल्या गुरूंनाही मी दुरुस्त करायला लागलो होतो. परत आलो तो मिशनच्या पेटाऱ्यात आलेला कुणा गोऱ्या साहेबाचा कोट अंगावर घालून. बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे जायच्या. तरी लाजरसकाका म्हणाले, "आता काय, आमचा शमू पंडित झाला. आता गोया कोन कोनाले देईन?"

त्याच हिवाळ्यात काकांना जिनाच्या कामावर पुसदकडे धाडलं होतं. तिथं तंबूत उतरलेल्या कुणा फिरत्या उपदेशकाचं त्यांनी ऐकलं आणि ते नदीत बुडून परत आले. म्हणजे पूर्ण बाप्तिस्मा घेऊन. आल्या आल्या ओट्यावर उभे राहून सांगितलं, "गुरुजी, आपल्यावर लहानपनी शिंपडलं तो बाप्तिस्मा नोयेच. लेकराले काय समजते? मानसानं आपल्या अकलेनं इस्वास ठेवावा आन् मंग सबन बुडावं." बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लाजरस, बाप्तिस्मा एकच असतो. दुसरा घेतला म्हणजे पहिल्याला खोटं म्हटलं." झालं. आठ-पंधरा दिवसांत वस्तीचे दोन भाग पडले. आम्ही त्यांना बुडवे म्हणायला लागलो, ते आम्हाला शिंपडे. एका विहिरीवर पाणी भरताना बायका तोंड फिरवायला लागल्या. बुडव्यांनी नाल्याच्या पलीकडे गुरांच्या एका कोठ्यात वेगळी उपासना मांडली आणि एक फुटकं घमेलं टांगून तेही ठणठणवायला लागले. बैलवाले म्हणाले, "आता दोन झाले वाट्टे गुरुजीचे देव."

शेवटी असं ठरलं की कापणीच्या सणाला दोन्ही बाजूंनी एकत्र जेवायचं आणि जेवणानंतर मांडवात उघडा खल करायचा. ज्याची बाजू शास्त्रात टिकेल त्याच्याकडे सगळ्यांनी यायचं. आमच्या बाजूनं अर्थातच मी. बाबा मला काही बोलले नाहीत, पण माझ्या पुस्तकाचं निघालेलं पुठ्ठ्याचं कव्हर त्यांनी खळ लावून चिकटवून दिलं. तेवढंच त्यांचं लाड करणं.

सणाच्या आदल्या दिवशी माय सोले सोलत बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहून कोटासकट भाषणाची तालीम करत होतो. ती म्हणाली, "शमू, एक आयकशीन?"

"बोल ना."

"खलात लेकरायचं काई काढजो नोको."

मी हसलो. "माय, सगळा खलच लेकरांचा आहे. लेकरांना बाप्तिस्मा द्यायचा का नाही, हाच तर प्रश्न."

"ते असो. द्याचा का नाही ते बोल. ज्याले देल्ला नाही त्याचं नोको बोलू." आणि ती परत सोले सोलायला लागली. मी मनात म्हटलं, बायकांना वादातलं काय कळतं. हे मी मनात म्हटलं, हे त्यातल्या त्यात बरं.

सणाला मांडवात ज्वारीची धाटं बांधली होती. पुढच्या टेबलावर पहिल्या वेच्याचा कापूस सुपात, लाल भोपळे, तुरीच्या शेंगा, आणि पायाला दोरी बांधलेली एक कोंबडी, तीही अर्पणाची. कोंबडी सबंध खलभर मधूनमधून बोलत होती आणि नेमकी ज्याचा मुद्दा लंगडा त्याच्याच वेळी. टेबलाच्या एका बाजूला बाबा, समोर शास्त्र. पुरुष सतरंजीवर, बायका मागे.

लाजरसकाका उठले. "मी अनाडी मानूस. पट्टे चढवतो, तेल टाकतो. शमू, मले एवढंच सांग, प्रभू यार्देनीत उतरला, का कोनी त्याच्यावर लोटा वतला?"

"काका, आपल्या नाल्यात उन्हाळ्यात चिमणीची चोच बुडत नाही," मी म्हणालो. "देवानं आपल्यासाठी रेल्वेनं यार्देन धाडावी काय?"

मांडव हसला. काकाही हसले. मग ते त्या राजदरबारी खोजाला घेऊन आले, जो रथातून उतरून पाण्यात उतरला. मी त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याला आणलं, ज्यानं मध्यरात्री घरादारासकट बाप्तिस्मा घेतला. "तुरुंगात कोणता डोह होता काका? आणि घरादारात लेकरं नसतात?"

"लेकरं होती असं लिवलं हाय?"

"नव्हती असं लिहिलंय?"

कोंबडी ओरडली. पोरं खिदळली. "शाब्बास शम्या!" मी आठव्या दिवशीची सुंता काढली, काकांनी विश्वास काढला. मी अब्राहाम काढला, काकांनी पौल काढला. माझी बोटं पानांवरून अशी धावत होती की कोटाची बाही पानात अडकून एक कोपरा फाटला. आणि मग मी माझा हुकमी पत्ता काढला. योहानाचा तिसरा अध्याय. पाण्यानं आणि आत्म्यानं जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात कुणाला जाता येत नाही. मी ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "कुणाला म्हणजे कुणालाच. मग लेकराला पाण्यावाचून ठेवायचं कुणाच्या भरवशावर? उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर?"

काकांनी एकदा मागे बायकांकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "शमू, हे पान उलटून टाक बेटा."

"काका पयून राह्यले! काका पयाले!" आमची पोरं ओरडली.

"उत्तर द्या काका," मी म्हणालो.

"मले द्याचं नाही उत्तर. मी हारलो समज. तू जितला. बस आता खाली."

असं बोलून ते खरंच खाली बसले. मीही तिथंच बसलो असतो तर आज हे प्रकरण लिहायला काही उरलंच नसतं. पण दान दिलेला विजय मला नको होता. मला तो हिसकावून घ्यायचा होता. मी एक पाऊल पुढे टाकलं. "हरलो म्हणून चालणार नाही. ऐकून घ्या. दार एकच आहे. पाणी नाही, तर दार बंद. म्हातारा असो की कालचं लेकरू असो, शास्त्र कुणाचं तोंड बघत नाही."

टाळ्या वाजल्या. माझ्या डाव्या हाताला माय चहाची किटली घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती बाबांना म्हणाली, "अवो, शमू म्हनते ते खरं हाय का?"

कोंबडीनं सुद्धा मान वळवून बघितलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते म्हणाले, "थांब," आणि त्यांनी पुढ्यातलं शास्त्र उघडलं. पानं उलटायला लागले. पुढे गेले, मागे आले. कुणीतरी त्यांना मदत म्हणून आपलं पुस्तक उघडलं, मग शेजारच्यानं, मग बुडव्यांनीही. बघता बघता सगळा मांडव पानं उलटत होता. वाळल्या धाटांत वारा शिरल्यासारखा तो आवाज. मीसुद्धा उलटत होतो, मला काय शोधायचं हे ठाऊक नसताना. माय थांबली होती. आम्हाला एवढं एकच येत होतं: कुणी काही विचारलं की पान काढायचं. तिला पान नको होतं. थोडा वेळ वाट पाहून तिनं किटली खाली ठेवली आणि ती घराकडे निघून गेली.

संध्याकाळी लाजरसकाकांनी मला नाल्याच्या काठी गाठलं. मला वाटलं, आता दोन गोळ्या मिळतील. त्यांनी मला जे सांगितलं ते वस्तीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. एक मीच पंडित. मी लहान असताना माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता, एवढं मला माहीत होतं. तो थोड्याच दिवसांत गेला, हेही. पण ते दिवस पोळ्याच्या आसपासच्या झडीचे होते. पाऊस खळत नव्हता, नाला दुथडी भरून चाललेला, पाळकसाहेब पलीकडच्या काठावर सायकल धरून उभे राहून परत गेले होते. लेकरू निळं पडायला लागलं तेव्हा मायनं लोटाभर पाणी बाबांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, तुमीच टाका. बाबा म्हणाले, मला अधिकार नाही. नाला उतरेल, साहेब येतील. नाला उतरला, पण दुसऱ्या दिवशी. आमच्यात नाव ठेवतात ते बाप्तिस्म्यातच, म्हणून त्याला नावही नव्हतं. आणि बिगर बाप्तिस्म्याचं माणूस कबरस्तानाच्या कुंपणाच्या आत पुरत नाहीत, म्हणून त्याला बाहेर, नाल्याच्या काठी पळसाच्या झाडाखाली ठेवलं.

"खड्डा म्या खनला," काका म्हणाले. "जागा तुया बापानं दावली. माय तुयी बायंतीन, ते कुठं येते."

"मला कुणी सांगितलं काहून नाही?"

"तुले सांगून काय, बावा? तू वचन काढून देल्लं असतं."

घरी आलो तर दोघं चुलीपाशी होती. चूल पेटलेली नव्हती. बाबा म्हणत होते, "मला अधिकार नव्हता." तेच वाक्य, तितक्या वर्षांनी, जसंच्या तसं. माय म्हणाली, "पानी टाकाले कायचा अधिकार लागते? त्याले तहान लागली असती तं पाजलं नसतं काय तुमी?" बाबांचा चेहरा मी पहिल्यांदा असा पाहिला, फळ्यावरचं सगळं कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकावं तसा.

पुढच्या रविवारी भाकरी झाल्या. परातीत उरलेलं पीठ मायनं डब्यात परत टाकलं. चानकी झाली नाही, त्या रविवारी नाही आणि नंतर कधीच नाही. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी कुणाच्या वाटचं खात होतो.

मग वस्तीनं तिचं सांत्वन सुरू केलं. देवा, असं सांत्वन शत्रूच्याही वाट्याला नको! बुडवे आले, म्हणाले, वैनी, आमच्या मतानं लहान लेकराला पाण्याची गरजच नाही, दावीद राजाचं लेकरू आठव्या दिवसाच्या आधीच गेलं, तरी तो म्हणाला मी त्याच्याकडे जाईन. आमचे आले, म्हणाले, नियम नियमच, पण देव नियमाच्या वरचा. पाळकसाहेब सायकलीवरून आले, चहा घेतला, म्हणाले, देव दयाळू आहे, बाई. माय म्हणाली, "मंग कुंपनाच्या बाहेर काहून ठेवलं त्याले?" साहेबांनी कप खाली ठेवला. कुंपणाचा नियम त्यांच्याही आधीचा होता. तांड्यावरची गमलीबाई सरपणाच्या मोळ्या विकायला यायची, ती पडवीत टेकून हे सगळं ऐकायची. एकदा म्हणाली, "बाई, माहे तीन गेले. आमी पुरलं आन् रडलो. कुठं गेले, कोनी इचारलं नाही. तुमाले वाचता येते म्हनून हा तरास हाय काय?" माय इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्यासारखं करून म्हणाली, "हाय ना."

पौषातल्या थंडीत माय बुडव्यांकडे गेली. ज्यांच्या शास्त्रात तिचं लेकरू देवापाशी होतं, त्यांच्याकडे. दुसरा काय मार्ग होता? नाल्यात पाणी नव्हतं, म्हणून पाटलाच्या मळ्यातलं बैलांना पाणी पाजायचं टाकं ठरलं. मी नाल्याच्या मधोमध, कोरड्या रेतीत उभा होतो. एका बाजूला बाबा रूळ वाजवत होते, रोजच्यापेक्षा जोरात, वेळ होऊन गेली तरी थांबत नव्हते. दुसऱ्या बाजूला लाजरसकाका कमरेएवढ्या पाण्यात उभे, आणि माय लुगडं खोचून टाक्याचा काठ ओलांडत होती. बैलं तहानेनं मान लांबवून उभी, आणि पाटलाचा सालदार त्यांना थोपवून धरत ओरडला, "गुरुजीनबाई, लवकर करा जी, जनावरं थांबून राह्यली!" पंचाची बायको पाण्याखाली गेली आणि वर आली. त्या दिवसापासून बाबांनी पंचपण सोडलं. कुणी मागितलं नव्हतं.

ती ओल्या लुगड्यानं घरी आली तेव्हा मी चूल पेटवून ठेवली होती. विचारलं, "माय, आता बरं वाटते का?"

"थंडी वाजून राह्यली."

"तसं नाही. मनाले."

ती हात शेकत राहिली. मग म्हणाली, "लाजरस म्हनते, तो देवापाशी हाय. तू म्हनला, नाही."

"माय, मी चुकलो. मला काही कळत नाही. मी नुसता बोललो."

"तू चुकत नसतो रे," ती म्हणाली. रागानं नाही, समजूत घातल्यासारखी. "वचनात तुया पैला नंबर येत जाय. मले नाही का मालूम? लाजरसले तं धा वेळा चाचपडा लागते."

त्यानंतर मी तिला किती परीनं सांगितलं ते लिहीत नाही. दावीद राजा दाखवला, लेकरांना मांडीवर घेणारा प्रभू दाखवला. पान काढून, बोट ठेवून. ती बोटाच्या मागे मागे शब्द लावत जायची, मान हलवायची, आणि तिच्या डोळ्यांत दिसायचं की तो दिवस, तो मांडव, ते एक पाऊल पुढे टाकलेलं पोरगं, हे सगळं त्या पानाच्या वर बसलेलं आहे. दर रविवारी ती नाल्यापलीकडे जायची, बाबा अलीकडे रूळ वाजवायचे, आणि दुपारी दोघं एकाच ताटलीतलं तिखट घेऊन, एक शब्द न बोलता भाकर खायचे. खल बंद पडला. लिमलेटच्या गोळ्यांचं म्हणाल तर लाजरसकाका जिनाच्या कामावर दुसऱ्या मुलखात गेले आणि तिकडेच वारले. मी नोकरीला लागलो, कोट वस्तीतल्या एका पोराला दिला. बाबा आधी गेले. त्यांना कुंपणाच्या आत, पंचांच्या रांगेत ठेवलं. त्यांच्या पेटीत खडूचे अर्धे तुकडे निघाले, ओंजळभर.

माय आजारी पडली तेव्हा तिनं माझ्याकडे एकच मागितलं. "मले त्याच्यापाशी ठेवजो. कुंपनाच्या आत नोको, नाल्यापल्याडबी नोको. त्याच्यापाशी." मी म्हटलं, ठेवतो. दोन दिवसांनी तिची वाचा गेली, आणि त्या आठवड्यात ती गेली.

आम्ही तिला घेऊन गेलो तेव्हा दोन्हीकडची माणसं आली होती, शिंपडे एका बाजूला, बुडवे एका बाजूला. पळसाचं झाड मधल्या एका पुरात काठासकट वाहून गेलं होतं. कुंपण कुजून पडलं होतं, दोनदा नवं घातलं होतं आणि दोन्ही वेळा वेगळ्या ओळीत. जिनं ती जागा वर्षानुवर्षं दुरून बघितली होती ती आता बोलत नव्हती. ज्यानं दाखवली होती तो आत झोपला होता, ज्यानं खणली होती तो परमुलखात. सगळीकडे सारखंच गवत होतं. मी त्यातून फिरलो. पुढे गेलो, मागे आलो. वाकून मातीला हात लावून बघितला. ऊन चढायला लागलं, खांदेकऱ्यांनी खांदे बदलले, आणि कुदळ घेतलेला माणूस म्हणाला, "शमूभाऊ, कुठं खनाचं?"

मी एक पाऊल पुढे टाकलं, बोट खाली केलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "इथं."

कुणी काही विचारलं नाही. मी चुकत नसतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.